पान बंद

माझी नोकरी गेल्याचं मला आधी लॅपटॉपने सांगितलं. सकाळी कोड पुश करायला गेलो तर ॲक्सेस नाही. वाटलं, टोकन एक्सपायर झालं असेल. मी भाबडेपणाने आयटीकडे तिकीटसुद्धा टाकलं. अकरा वाजता कॉल आला. स्क्रीनवर माझा मॅनेजर आणि एचआरची एक मुलगी, जिला मी कधीच पाहिलं नव्हतं. कारण सांगितलं 'परफॉर्मन्स'. आदल्या वर्षीचं रेटिंग मी उघडून दाखवायला गेलो, तर ती फाइलही उघडेना. मग दोन पर्याय समोर ठेवले. आजच राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर घ्या. नाहीतर कंपनी 'टर्मिनेट' करेल आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तो शब्द दिसेल. विचार करायला किती वेळ आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, हा कॉल संपेपर्यंत.

मी सही केली.

पुण्याची खोली सोडून आंधळगावला आलो. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आमचं गाव. गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं, अजूनही काही घरांतून हातमागाचा आवाज येतो. पण आमच्या घरात माग नव्हता. आमच्याकडे आजीचं सूप होतं. सुपात तेंदूची पानं, जर्दा, कैची, पत्र्याचा फर्मा आणि दोऱ्याचं रीळ. चाळीसेक वर्षं तिने बिड्या वळल्या. आईबाबांना मी 'प्रोजेक्ट संपला' असं काहीतरी सांगितलं, पण आजीला खरं सांगितलं. कॉल, ॲक्सेस, सही, सगळं. तिला रिपॉझिटरी म्हणजे काय ते कळायचं कारण नव्हतं. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजे तुझं पान बंद केलन."

हा शब्द मी आधी ऐकला नव्हता. तिच्याकडून समजून घेतला तो असा. बिडीवालीला कुणी कधी 'तुला कामावरून काढलं' असं म्हणत नसे. सट्टेदार आठवड्याला पानं आणि जर्दा मोजून द्यायचा, बाई घरी वळायची, कट्टे बांधून परत न्यायची, हजारामागे पैसे मिळायचे. एखादीशी बिनसलं की तिला पुढच्या वेळी सांगायचं, "पान नाही आलं." त्याच्या पुढच्या वेळीही नाही आलं. शेजारणीला मात्र आलेलं असायचं. पत्र नाही, कारण नाही, तारीख नाही. आजीचं पान असं एकदा बंद झालं होतं. कारण छाट. म्हणजे सट्टेदाराने किंवा कारखान्यातल्या मुनीमाने 'वाईट' म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्या बिड्यांची मजुरी मिळत नसे. आणि आजीचा मुद्दा साधा होता, वाईट आहेत तर माझ्यासमोर फेकून दे. त्या फेकल्या जात नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

रिकामा इंजिनिअर काय करतो? शोधत बसतो. मला माझ्या राजीनाम्याचं काही करता येतं का हे शोधायचं होतं, आणि कामगार कायद्यांचे जुने निकाल वाचता वाचता मी आमच्याच जिल्ह्यात, आजीच्या सुपापाशी येऊन पोचलो.

पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल. आपल्याकडे नोकरी तुटण्याबद्दल जे सुरुवातीचे कायदे झाले, त्यातला एक मालकाला वेसण घालणारा नव्हता, मजुराला घालणारा होता. १८५९चा मजुरांच्या करारभंगाचा कायदा. उचल घेऊन काम सोडून गेलेल्या कारागिराला किंवा मजुराला मालक मॅजिस्ट्रेटसमोर उभं करू शकत होता, आणि तरीही तो कामावर गेला नाही तर तुरुंग. म्हणजे नोकर निघून गेला तर गुन्हा. मालकाने काढलं तर? त्याबद्दल कायदा गप्प. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत तो गणला जातो. त्या संपकऱ्यांपाशी कायद्याचा आधार म्हणावा असं काहीच नव्हतं.

कोर्टात गेलं तरी इंग्रजी पद्धतीचं उत्तर ठरलेलं होतं. मालक आणि नोकर हा खाजगी करार. चुकीच्या पद्धतीने काढलं असेल तर नोटिशीच्या काळाचा पगार नुकसानभरपाई म्हणून घ्या आणि घरी जा. नको असलेला नोकर कोर्ट कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. (माझ्या ऑफर लेटरमध्ये नेमकं हेच लिहिलंय, फक्त जास्त गोड इंग्रजीत.)

हे उत्तर बदललं ते मुंबईतल्या एका प्रकरणात, आणि मला ते आपल्या देशातल्या कामगार इतिहासातलं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं प्रकरण वाटतं. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था. तिचा कामगारांशी वाद झाला, सरकारने तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवला. काढलेल्या माणसांना परत कामावर घ्या, अशीही मागणी त्यात होती. संस्था म्हणाली, असा हुकूम करायचा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, आणि १९४९मध्ये कोर्टाने सांगितलं की अधिकार आहे. औद्योगिक न्यायाधिकरण निव्वळ करार वाचून दाखवायला बसलेलं नाही, ते दोन्ही पक्षांमध्ये नवे हक्क आणि नवी बंधनं घालू शकतं. काढलेला माणूस परत त्याच दारातून आत येऊ शकतो, ही गोष्ट इथून कायद्यात रुजली.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९४६मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा आला होता. मालकाने कामाच्या अटी लेखी लावल्या पाहिजेत. गैरवर्तन कशाला म्हणायचं, त्याची यादी हवी. आरोप लेखी हवा, म्हणणं मांडायची संधी हवी. आज एचआर पॉलिसी नावाची जी पीडीएफ कुणीही वाचत नाही, तिचा हा पूर्वज. तो कायदा ज्या काळात आकाराला आला तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. तेच आंबेडकर १९५४मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आमच्या जिल्ह्यात ही हार सगळ्यांना माहीत असते. स्थायी आदेशांबद्दल मात्र मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

१९५३मध्ये आणखी एक भर पडली. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आणि जो शेवटी आला तो आधी जाईल. हे सगळं वाचायला छान वाटतं. फक्त प्रत्येक ठिकाणी 'कामगार' हा शब्द आहे. तुम्ही कामगार असाल तर.

आता बिडी. आमच्या भागात हा धंदा वाढला कारण जंगलात तेंदू आणि गोंदियाला रेल्वे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ मे १९९९ला झाला. हजारो घरांत बिडी वळली जायची, पण कागदावर बघितलं तर बिडी कंपन्यांकडे नोकरच फार थोडे. कंपनी माल देते सट्टेदाराला. सट्टेदार देतो बाईला. बाई कुणाची? सट्टेदार म्हणे, मी नुसता मधला माणूस. कंपनी म्हणे, मी हिला ओळखत नाही. ॲपवरून आपल्या दारात जेवण आणणारा माणूस कंपनीचा 'पार्टनर' असतो, ती युक्ती नवी नाही. आमच्याकडे ती पत्र्याच्या फर्म्याइतकी जुनी आहे.

डिसेंबर १९६० ते नोव्हेंबर १९६१ या एका वर्षात सर्वोच्च न्यायालयाने बिडीची तीन प्रकरणं निकाली काढली. तीनही इथलीच, आपल्या राज्यातली. ती एकापाठोपाठ एक वाचली की डोकं गरगरतं.

पहिलं नागपूरचं. बिडी कारखान्यात बसून वळणारे तीन कामगार १५ दिवस रजेवर गेले. कारखान्याने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत. व्यवस्थापकाचं म्हणणं, हे लोक नगावर काम करतात, वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात. हे कामगार नव्हेतच, स्वतंत्र ठेकेदार आहेत. कोर्टाने बारकाईने पाहिलं. काम कारखान्यातच करावं लागतं. दुपारनंतर आलं तर काम मिळत नाही. आणि बिडी पसंत नसेल तर ती नाकारायचा अधिकार कारखान्याला आहे. म्हणून हे कामगार आहेत, रजेचे पैसे द्या.

दुसरं प्रकरण ऑक्टोबर १९६१चं, दुसऱ्या एका कारखान्याचं. तसाच माणूस, तसंच सूप, रजेच्या पैशांचाच प्रश्न. पण इथे तो कधीही येऊ शकत होता आणि कधीही उठून जाऊ शकत होता. बहुमताने निकाल लागला की हा कारखाना कायद्यातला कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

म्हणजे एका ठिकाणी दुपारनंतर फाटक बंद होतं म्हणून माणूस कामगार ठरला, दुसरीकडे फाटक उघडं होतं म्हणून नाही ठरला. 'फ्लेक्सिबल अवर्स' हे शब्द जॉब पोस्टिंगमध्ये दिसले की आम्ही हार्टचा इमोजी टाकतो. त्या माणसाच्या रजेचे पैसे त्याच फ्लेक्सिबल अवर्समध्ये गेले.

तिसरं प्रकरण आमचंच, गोंदियाच्या बिडी, बिडीपत्ता आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेचं. विदर्भ तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्यात होता. जून १९५८मध्ये सरकारने किमान वेतन कायद्याखाली विदर्भातल्या बिडी कामगारांसाठी अधिसूचना काढली. तिच्यात हजारी दर तर होताच, पण छाटेलाही लगाम घातला होता. किती बिड्या छाटता येतील याला टक्केवारीची मर्यादा, त्यापुढे गेलं तर मजुरीचं काय करायचं, वाद झाला तर तो कुणी मिटवायचा. कुणीतरी अधिकारी खरोखर एखाद्या सट्टेदाराच्या ओसरीवर बसून आला असावा असं ती कलमं वाचून वाटतं. दर हजारी कितीही ठरवा, मुनीमाच्या बोटांवर लगाम नसेल तर तो दर पोकळच.

व्यापारी कोर्टात गेले आणि जिंकले. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. कामगारांच्या बाजूने विचार करणारे न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव आजही घेतलं जातं, आणि तेच इथे म्हणाले की किमान वेतन कायदा सरकारला दर ठरवायचा अधिकार देतो. कराराच्या बाकीच्या अटी बदलायचा आणि वाद मिटवायची यंत्रणा उभारायचा देत नाही. छाटेची कलमं रद्द. माझा पहिला प्रतिसाद राग हाच होता. नंतर दोनदा वाचल्यावर वाटलं, कायद्याचं वाचन बरोबर आहे. कायद्यातच ते नव्हतं. हातात स्क्रूड्रायव्हर देऊन खिळा ठोकायला सांगितल्यासारखं सरकारने केलं होतं.

हत्यार मग संसदेने बनवलं, पाच वर्षांनी. बिडी आणि सिगार कामगारांचा १९६६चा कायदा. त्याच्या व्याख्येत एक छोटा, पण फार मोठा बदल आहे. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी बिडी वळणारी व्यक्तीसुद्धा 'कर्मचारी'. फाटक उघडं की बंद, हा प्रश्नच संपला. ओसरी हीच कामाची जागा. छाटेचे आणि कच्च्या मालाचे वाद कुठे न्यायचे तेही कायद्यातच आलं. आणि कलम ३१. सहा महिने किंवा जास्त काम केलेल्या कर्मचाऱ्याला वाजवी कारणाशिवाय काढता येणार नाही. किमान एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबदली पगार हवा. गैरवर्तनाचा आरोप असेल तर नोटीस लागणार नाही, पण चौकशी करून पुरावा नोंदवावा लागेल. काढलेल्याला अपील करता येईल. कारण वाजवी नव्हतं, मी ते केलंच नव्हतं, किंवा केलं पण शिक्षा फार कडक झाली, या तिन्ही मुद्द्यांवर.

मी हे कलम आजीला वाचून दाखवलं, सोप्या मराठीत. ती म्हणाली, "आमाले कोन सांगतलन?"

तिचं पान बंद झालं तेव्हा हा कायदा होता. तिने साल नेमकं सांगितलं नाही, पण माझे बाबा शाळेत जात होते, म्हणजे सत्तरचं दशक. कंपन्यांनी कायद्यालाच आव्हान दिलं होतं आणि १९७४मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवलाही होता. आंधळगावात त्याचं काय झालं? आजी तीन आठवडे रिकामी बसली. मग दुसऱ्या सट्टेदाराकडे गेली. पहिल्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याने तिच्या नावावर माल द्यायला नकार दिला. सासूच्या नावावर दिला. त्यानंतर कित्येक वर्षं आजीने वळलेली प्रत्येक बिडी वहीत सासूच्या नावावर चढली. सासू तोवर सुपाला हात लावत नव्हती, तिला नीट दिसत नव्हतं.

याचा हिशोब नंतर लागला. १९७७मध्ये बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. कंपन्या पुन्हा कोर्टात. घरी वळणाऱ्या आमच्या नोकर नाहीत, हाच जुना सूर. १९८५मध्ये पी. एम. पटेल ॲण्ड सन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरी वळणाऱ्याही कर्मचारीच. कारण काय दिलं? बिड्या नाकारायचा अधिकार. तुम्ही माल तपासून छाट काढता ना? मग कामावर तुमचं नियंत्रण आहे, आणि नियंत्रण आहे तर तुम्ही मालक आहात. ज्या मुनीमाच्या बोटांनी आजीची मजुरी कापली, त्याच बोटांवरून कंपनी मालक असल्याचं सिद्ध झालं. हे वाचताना मी रात्री एक वाजता खोलीत एकटाच हसलो.

आजीला पीएफ मिळाला नाही. वहीत ती नव्हतीच.

दरम्यान महाराष्ट्राने स्वतःचा एक कायदा केला होता, ज्याचं लांबलचक नाव वकील लोक 'पल्प' असं आटोपतात. १९७१चा कायदा, ८ सप्टेंबर १९७५पासून लागू. मालकाने कोणत्या गोष्टी केल्या तर ती अनुचित कामगार प्रथा, याची त्यात यादीच आहे. सूड म्हणून काढणं. खोट्यात गुंतवून काढणं. न सांगता गैरहजर राहिल्याचा बनाव करून काढणं. नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा नको तेवढ्या घाईने चौकशी उरकणं. किरकोळ चुकीला डोळे पांढरे होतील अशी शिक्षा देणं. तक्रार ९० दिवसांत करायची. हिंदुस्तान लिव्हरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये असंही म्हटलं की प्रत्यक्ष काढेपर्यंत थांबायची गरज नाही. काढायची पावलं पडू लागली तरी कामगार दाद मागू शकतो. 'नको तेवढ्या घाईने' हे वाचताना मला माझा कॉल आठवला. तो सोळा मिनिटं चालला होता.

मी ही सगळी उजळणी घेऊन पुण्यात एका वकिलांना भेटलो. वयस्कर गृहस्थ, गिरणीची प्रकरणं लढलेले. मी कलमं सांगत होतो, त्यांनी हात वर केला. म्हणाले, "ते मला पाठ आहे हो. तुम्ही एवढंच सांगा, काम नक्की काय करायचात?"

कारण इथेही दार तेच. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे काम करणारा. देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा, आणि ती ओलांडली की बाहेर. व्यवस्थापकीय काम असेल तर बाहेरच. 'पल्प'मधली व्याख्याही शेवटी तिथेच जाऊन टेकते. आता नव्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्यात. १९४६चा आणि १९४७चा केंद्रीय कायदा एका संहितेत गेला, बिडीचा १९६६चा कायदा दुसऱ्या. देखरेखीच्या कामाची मर्यादा १८,००० रुपये झाली. स्थायी आदेश आधी १०० कामगारांपासून लागायचे, आता ३००पासून. पण मूळ प्रश्न हललेला नाही. बिडीवालीला कामगार व्हायला फाटक लागत होतं, मला माझं डेजिग्नेशन खोटं ठरवावं लागणार आहे. 'लीड' म्हणून लिंक्डइनवर टाकलं तेव्हा दोनशे लोकांनी अभिनंदन केलं होतं.

"हाताखाली माणसं होती?" वकिलांनी विचारलं.

"दोन. एक इंटर्न."

"त्यांची रजा तुम्ही मंजूर करायचात?"

"पोर्टलवर क्लिक मी करायचो. पण मॅनेजरला विचारून."

"त्यांचं रेटिंग?"

"मी सुचवायचो. वरून बदलून यायचं."

"त्यांना काढू शकत होतात?"

मी हसलो. ते हसले नाहीत, लिहून घेत होते. मग म्हणाले, "कोड बरोबर नाही म्हणून परत कोण पाठवायचं? तुमचा."

"मॅनेजर. कधी क्लायंट."

"छाट," असं मी मनात म्हणालो, पण त्यांना ते सांगायला फार मागून सुरुवात करावी लागली असती.

राजीनाम्याबद्दल त्यांनी फार आशा दाखवली नाही. दबावाखाली लिहून घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणंच, असं कोर्टाला पटवता येतं, पण दबाव सिद्ध तुम्ही करायचा. कॉलचं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. ॲक्सेस मीटिंगच्या आधी बंद झाला याचा पुरावा मात्र आहे. मी आयटीकडे टाकलेल्या तिकिटाची ऑटो-रिप्लाय माझ्या फोनवर आली होती, सकाळी ९ वाजून ५२ मिनिटांनी. वकिलांनी ती दोनदा वाचली आणि प्रिंट काढायला सांगितली.

९० दिवसांतले ५३ गेलेत. तक्रारीचा मसुदा तयार होतोय. काल रात्री आजीला फोन केला तेव्हा तिने पहिल्यांदा जेवणाचं विचारलं, मग म्हणाली, "वहीत नाव तुझंच हाय ना?"

मी म्हटलं, हो, पगाराच्या स्लिपा आहेत सगळ्या.

"मंग जा," ती म्हणाली.